आप्पांचं फिरणं

चेंडू मुलीच्या अगदी नाकासमोरून गेला, तरी तिने हात उचलला नाही. डोळे बारीक करून ती भलतीकडेच बघत राहिली. बाकीची पोरं हसली. बाकावर बसलेले आप्पा अर्धवट उठले आणि पुन्हा खाली बसले.

"काय झालं?" शेजारच्या माणसाने थर्मासमधून चहा ओतता ओतता विचारलं.

"काही नाही. गुडघा."

गुडघ्याला काहीएक झालं नव्हतं. ती मुलगी आप्पांची नात होती, आणि ते त्यांना इथे कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आप्पांचा मुलगा अचानक गेला, तेव्हा ही रांगत होती. सुनेने पुन्हा लग्न करावं म्हणून आप्पांनीच तिच्या मागे लकडा लावला. शेवटी तिने ऐकलं आणि नातीला घेऊन ती नदीपलीकडच्या घरात गेली. नव्या संसारात जुन्या घराची लुडबुड नको, असं आप्पांनी मनाशी ठरवून टाकलं. लग्नालाही ते तापाचं निमित्त काढून गेले नाहीत. सून फोन करायची, "आप्पा, या ना एकदा." ते "येतो, येतो" म्हणायचे आणि हवापाण्याचं विचारायचे.

न जाणं सोपंही होतं. नदीवर एकच पूल, तोही ट्रकांचा. पायी चालणाऱ्याला त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. बसने जायचं तर सगळ्या गावाला वळसा. आणि एवढा वळसा घालून गेलं की माणूस पाहुणा होतो. आधी कळवा, इस्त्रीचा सदरा घाला, हातात काहीतरी न्या, बाहेरच्या खोलीत अवघडून बसा. सुनेच्या नव्या नवऱ्यासमोर आपण कोण म्हणून बसायचं, हे काही आप्पांना उमगत नव्हतं.

मग पालिकेने दोन्ही काठांवरचे उकिरडे हलवले, काटेरी झुडपं काढली, पायवाटा आखल्या, हिरवळ लावली आणि फक्त चालणाऱ्यांसाठी एक अरुंद पूल टाकला. पहिल्याच आठवड्यात आप्पा पलीकडे गेले. साध्या चपला, रिकामे हात. कुणी हटकलं नाही. फिरायला निघालेल्याला 'का आलात' म्हणून कोण विचारणार? परतताना त्यांनी कठड्यावरून हात फिरवला आणि ज्या कुणाच्या डोक्यातून हा पूल निघाला, त्याचं मनातल्या मनात भलं चिंतलं. शेजाऱ्यांना ते सांगू लागले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. शुगर." त्यांची शुगर अगदी ताळ्यावर होती.

सुनेच्या घरासमोरच एक बाक होता. तिथून नात खेळताना दिसायची. वर गॅलरीत सून कपडे वाळत घालायला आली की आप्पा पेपर तोंडापुढे धरायचे. एवढं मिळालं तरी घरी जाऊन ते दोन घास जास्त जेवायचे.

हा थर्मासवाला तिथेच भेटला होता. पहिल्या दिवशी त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. आप्पांचं चष्म्यांचं दुकान होतं, सगळी हयात काचा घासण्यात गेलेली. त्यांनी खिशातून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दांडीचा स्क्रू पिळून दिला. तेव्हापासून थर्माससोबत दोन कप येऊ लागले. नाव-गाव कुणीच कुणाला विचारलं नाही. गप्पा झाडांच्या, पावसाच्या, नदीवर परतलेल्या बगळ्यांच्या.

चेंडू पुन्हा आला. पुन्हा तेच. "झोपलीस काय गं?" एक पोरगी ओरडली. नातीने मान खाली घातली.

 आप्पांचा मुलगा याच वयात असेच डोळे बारीक करायचा. चष्मेवाल्याचा पोरगा, पण त्याला फळा दिसत नाही हे शाळेत मार खाऊन आला तेव्हा घरात कळलं. आता बोलावं, तर आपण कोण ते उघडं पडेल आणि उद्यापासून इथे बसायची सोय राहणार नाही. गप्प राहावं, तर हे पोर बोलणी खात राहणार.

त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, तुम्ही इथलेच ना? त्या पिवळ्या फ्रॉकवालीच्या घरी एक निरोप द्याल? तिला लांबचं दिसत नाही. डोळे तपासून घ्या म्हणावं. तिच्या वडिलांनाही लहानपणीच चष्मा लागला होता."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि आप्पांनी जीभ चावली.

त्या माणसाने थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाला, "तुम्हीच चला ना सांगायला, आप्पा. ती माझीही मुलगी आहे."

आप्पांनी या माणसाला आपलं नाव कधीच सांगितलं नव्हतं. ते धडपडत उठले. "मी... मी आपला सहज फिरायला येतो. बाक रिकामा दिसला म्हणून बसलो. तुमच्या घरात ढवळाढवळ करायची नव्हती हो. नाही यायचो उद्यापासून."

"असं कसं? आणि ओळखत तर मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"हिने बजावलं होतं. घाई केलीत तर उठून जातील, म्हणाली." त्याने आप्पांचा हात धरला, वडीलधाऱ्याचा धरतात तसा. आप्पांना तो सोडवून घ्यावासा वाटला नाही. "आप्पा, ही बाग आखायची होती तेव्हा पालिकेची माणसं घरोघर विचारत आली होती, कुणाला काय हवं म्हणून. कुणी झोपाळे मागितले, कुणी दिवे. हिने आमच्या दारासमोर फक्त एक बाक मागितला. म्हणाली, आप्पा घरी यायचे नाहीत, पण फिरायला नक्की येतील."