सूचना मालकाला

"तर ही बिलांची सेवा," टीम लीड भिंतीवरच्या पडद्याकडे हात करून मोठ्या साहेबांना सांगत होता, "मी अगदी शून्यातून उभी

टिंग. तातडीचं: बिलांची सेवा अडखळते आहे. मालकानं बघावं.

केली."

लाल पट्टी त्याच्या लॅपटॉपवर आली, म्हणजे भिंतीवरही आली. त्यानं ती हसत पुसली.

मागच्या खुर्चीत ती लॅपटॉप मिटून बसली होती. ही सेवा, म्हणजे कंपनीची बिलं काढणारा प्रोग्राम, तिनं लिहिलेली. दुपारी बिलांची गर्दी झाली की सेवेला धाप लागायची. मग "ताई, बिलं अडली, बघता का?" असे निरोप तिच्या फोनवर यायचे आणि ती गुपचूप सावरून घ्यायची.

कंपनीच्या डेव्हलपर पोर्टलवर प्रत्येक सेवेपुढे त्या सेवेच्या मालकाचं, म्हणजे ती सांभाळणाऱ्याचं, नाव असतं. सोमवारी बिलांच्या सेवेपुढचं तिचं नाव गेलं, टीम लीडचं आलं. तिनं ब्रही काढला नाही. फक्त पोर्टलच्या पोटात एक छोटं प्लगइन, जोडप्रोग्राम, बसवलं: सेवा अडली की सूचना थेट मालकाला. पुसली तरी, बिघाड असेपर्यंत, पुन्हा कोरी करकरीत हजर.

टिंग.

"आयत्या बिळावर नागोबा," शेजारचा टेस्टर पुटपुटला. "आणि बिळात शिरलंय पाणी."

"हसवू नकोस रे."

टिंग. अतितातडीचं: बिलं थांबली आहेत. मालकानं

"कोण आहे याचा मालक?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

टीम लीडचं नाव पडद्यावर हातभर अक्षरांत होतं.

टीम लीड मागे वळला. कपाळ ओलं झालं होतं. "अगं, बघ ना जरा. कुठं अडतं ते तुला माहितीये."

"माहितीये की." ती जागची हलली नाही. "पण सर, मालकाच्या परवानगीशिवाय सेवेला हात लावायचा नाही, हा नियम तुमचाच ना?"

"दिली परवानगी! दिली!"

"तशी नाही चालत. पोर्टलवर द्यावी लागते. सगळ्यांना दिसेल अशी."

टिंग.

तो लॅपटॉपवर वाकला. परवानगी द्यायला पोर्टलवर आपलंच नाव शोधत त्याचं बोट पडद्यावरून खालीवर फिरू लागलं.

तिनं सवयीनं मांडीवरचा फोन उलटून पाहिला. दुपारी बिलं अडली की तो कधी गप्प नसायचा. बंद पडला की काय म्हणून तिनं बटण दाबलं.

फोन चालू होता. एकही निरोप नव्हता.