डावा गाल

“हा मी आहे?” बाबांनी नमुन्याची फरशी उजेडात धरली.

काळ्या दगडावर चेहरा त्यांचाच होता, पण केस काळेभोर आणि बुबुळं पांढरीफटक. मुलीनं कपाळावर हात मारला. यंत्र चित्रातल्या काळ्या जागी लेसर मारतं आणि काळ्या दगडावर लेसर पडतो तिथं पांढरा ठिपका उमटतो. म्हणून चित्र आधी उलटं करून घ्यावं लागतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. ती नेमकं तेच विसरली होती.

“केस राहू दे असेच,” बाबा म्हणाले. “डोळे तेवढे माणसाचे कर.”

बाबांनी सारा जन्म छिन्नी-हातोडीनं लोकांच्या स्मृतिशिळा कोरल्या. आता हात थरथरत. स्वतःची शिळा मात्र त्यांना जिवंतपणी बघायची होती. “मी गेल्यावर चुका कोण काढणार?” असा त्यांचा सवाल. तेव्हा हे काम मुलीकडं आणि तिनं कारखान्यात आणलेल्या यंत्राकडं आलं.

ते यंत्र बाबांच्या कधी पचनी पडलं नाही. त्यांच्या प्रत्येक शिळेच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा मासा असे. ती त्यांची खूण. मुलीला मात्र ‘तुझ्या कामावर तुझी खूण कर’ असं ते कधी म्हणाले नव्हते. “सुरेख झालंय, कुणी केलं?” असं गिऱ्हाइकानं विचारलं, की बाहेरच्या बाकावरून ते एका शब्दात उत्तर देत, “यंत्रानं.” आत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मुलीला ते दर वेळी ऐकू येई आणि दर वेळी लागे. तरी तिनं कधी खूण मागितली नाही. मागून मिळालेली तिला नको होती.

ती पुन्हा फोटोकडं वळली. फोटोत लाखो रंग होते. यंत्राला दोनच गोष्टी कळत: ठिपका आहे, ठिपका नाही. मधल्या सगळ्या छटा ठिपके दाट-विरळ करून भागवायच्या. सॉफ्टवेअरनं ते चुटकीसरशी केलं. कपाळ छान आलं, मिशा झोकात आल्या. डाव्या गालाची मात्र पार वाट लागली. तिथं कधीकाळी दगडाची कपची उडून लागल्याचा व्रण होता. त्याची सावली इतकी पुसट, की सॉफ्टवेअरनं सगळा गाल सरसकट पांढरा करून टाकला. तिनं चित्राचा उजेड कमी केला. व्रण आला, तर नाक गेलं.

शेवटी तिनं चित्र मोठं केलं आणि त्या गालावर एकेक ठिपका हातानं खोडत, बसवत गेली. मधूनच उठून बाहेर जाई.

“काय गं?”

“काही नाही. जरा इकडं वळा.”

गाल बघून परत आत.

शिळा तयार झाली. बाबांनी भिंग मागितलं. कपाळ, मिशा, हनुवटी, सगळ्यावरून फिरवलं. भिंग डाव्या गालावर आलं आणि थांबलं.

“बाकी सगळीकडं ठिपके शिस्तीत पडलेत. इथं नाहीत.”

“तिथं यंत्राला जमेना. ते मी हातानं बसवलेत.”

“वाटलंच. यंत्राला माझा गाल कुठून ठाऊक असणार!”

मग त्यांनी फळीवरची छिन्नी-हातोडी काढली. ती झटकन पुढं झाली. त्या हातांनी आता दुरुस्ती करतात की काय! बाबांनी दोन्ही हत्यारं तिच्यापुढं धरली.

“खालचा कोपरा रिकामा का?”

“तुमच्या माशासाठी सोडलाय.”

“मासा माझ्या कामावर. हे काय मी केलंय?”

तिची खूण ठरलेलीच नव्हती. तिनं क्षणभर विचार केला, छिन्नी टेकवली आणि एकच घाव घातला. एक ठिपका उमटला.

“बस, एवढीच?”

“एवढीच.”

बाबांनी त्यावर अंगठा फिरवला. “घाव सरळ आहे,” म्हणाले. असं त्यांनी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं.

दुपारी शिळा बाहेर बाकाशेजारी उभी होती, मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून. एक गिऱ्हाईक थबकलं. त्यानं दगडाकडं पाहिलं, बाकावरच्या माणसाकडं पाहिलं आणि दचकलं.

“अहो, हुबेहूब तुम्ही! यंत्रानं केलंय ना?”

“यंत्रानं?” बाबा कडाडले. आत कॉम्प्युटरपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “डोळे आहेत ना? कोपऱ्यात बघा. माझ्या मुलीची खूण आहे.”