धाकटी कितव्या मजल्यावर झाली

“कोणाला सांगून पटणार नाही, पण ही धाकटी माझी लिफ्टमध्ये झाली,” आई म्हणाली. “बत्तिसाव्या वर्षी. तिसऱ्या मजल्याशी वीज गेली. चढलो नवरा-बायको दोघं, उतरलो तिघं!”

“मागच्या वेळी पाचवा मजला होता,” धाकटी म्हणाली.

“तू होतीस का मोजायला?”

“होते की! सगळा खटाटोप माझ्यासाठीच होता ना?”

दवाखान्यातल्या समुपदेशक बाई हसल्या. थोरली हसली नाही. वय पंचवीस, आणि वर्षभर पाळी नाही. अंडाशयांनी अर्ध्यातच काम सोडलं होतं. रक्ततपासणीत कारण सापडलं होतं: एका जनुकातला बदल, आई किंवा वडिलांकडून आलेला. बाई आता कागदावर गोल-चौकोन काढून सगळं घराणं मांडत होत्या.

“आई, तुमची पाळी कधी गेली?”

“पन्नाशीला. आमचं सगळं वेळच्या वेळी.”

बाईंची पेन्सिल वडिलांच्या चौकोनावर गेली. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“मग हे त्यांच्याकडून आलं असणार. आणि हा बदल वडिलांकडून आला, की सगळ्या मुलींत उतरतो.”

धाकटीचा चेहरा उतरला. कॉलेजची तीन वर्षं अजून बाकी होती.

“म्हणजे माझंही ताईसारखंच? मग शिक्षण सोडून लग्नाला उभी राहू?”

“घाई नको. आधी रक्त तपासू. स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतात.”

“काही तपासायला नको,” आई म्हणाली. “धाकटीला काही होत नाही.”

“तू म्हणालीस म्हणून?” थोरली उसळली. “माझं कळायला उशीर झाला. तिचं तरी वेळेत कळू दे!”

धाकटीने बाही वर केली.

आईने ती बाही खाली ओढली. “अगं, गेलेल्या माणसाच्या माथी कशाला मारता? माझ्याकडूनच आलंय ते. माझी पाळी सत्ताविसाव्या वर्षी गेली, ती गेलीच. परत कधी आली नाही. लाज वाटली म्हणून बोलले नाही.”

थोरलीने आईचा हात घट्ट धरला.

बाईंनी पन्नास खोडून सत्तावीस लिहिलं. आईच्या गोलापासून थोरलीपर्यंत रेघ ठळक केली. धाकटीच्या रेघेवर पेन्सिल थबकली.

धाकटी बोटांवर काहीतरी मोजत होती.

“सत्ताविसाव्या वर्षी गेली, आणि मी बत्तिसाव्या वर्षी,” ती हळूच म्हणाली. “आई, मजल्याचं सोड. त्या लिफ्टमध्ये तू बाळंत झालीच नाहीस.”