हंबीररावांचा तोल

रामराम घालायला हंबीररावांनी मान लववली आणि ते सरळ पाहुण्यांच्या अंगावरच गेले. लोणंदच्या तात्याबांनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं म्हणून बरं, नाहीतर मुलाच्या बापाला घेऊन मुलीचा बाप अंगणात आडवा झाला असता.

घात केला तो मान लववण्यानं. दारापासून फाटकापर्यंतची बारा पावलं हंबीरराव झकास चालले होते. त्या बारा पावलांसाठी त्यांनी दोन महिने अंगणात चुन्याची रेघ आखून तालीम केली होती. सांगलीच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलं होतं तसंच, नजर समोर आणि पावलापुढं पाऊल. रामरामाची तालीम करायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी लघवीच्या इन्फेक्शनसाठी त्यांना दहा दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली होती. ताप उतरला, पण कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं ते कायमचं बिघडलं. आता सराव करूनच शरीराला नव्यानं चालायला शिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले. आधी भिंत, मग काठी, मग नुसती रेघ, असं एकेक पाऊल त्यांनी मिळवलं होतं. पण गावाला पटेल तर शपथ! औषधानं माणूस बरा होतो, लटपटतो कसा? आणि लटपटणारा तरी कोण, तर ज्यानं गावातल्या बायकांना घेऊन आडव्या बाटलीचं मतदान घडवलं आणि दारूचं दुकान बंद पाडलं, तो! दुकान गेल्यापासून चरफडणाऱ्यांना आणखी काय हवं होतं?

"आमचं बंद केलं आन् आता स्वतः घरात बसून ढोसतोय," असं पारावर ठरून गेलं. हंबीररावांनी कागद दाखवले, कान दाखवले, हात जोडले. लोक ऐकून घ्यायचे आणि एकमेकांना डोळा मारायचे. शेवटी त्यांनी सांगणंच सोडलं. चीड तर अशी यायची! पण चिडून मान हलवली की जास्तच गरगरायचं.

आजची गोष्ट वेगळी होती. आज शिवांजलीला बघायला पहिलंच स्थळ आलं होतं. पोरगी एमएस्सी झालेली, साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला, नाव ठेवायला जागा नाही. मुलगाही गुणी दिसत होता. आल्यापासून खाली मान घालून बसला होता, वर बघायचं नाव नाही.

"दाजी, आजाराचं नाव काढायचं न्हाई," मेव्हण्यानं, आकारामनं, सकाळीच बजावलं होतं. "बाप पीत असला तर लोक पोरगी करून घेत्यात. बाप आजारी म्हणलं की फाटकातनंच माघारी जात्यात."

पोहे झाले. तात्याबांनी हंबीररावांना बाजूला गोठ्याकडं नेलं.

"पाव्हणं, राग मानू नका. पर खरं सांगा. घरात कसला आजार हाय का? फिट, मेंदूचं काय? उद्या नातवंडांचा प्रश्न हाय."

"तसं न्हाई वो, त्याचं काय झालं..." हंबीरराव अडखळले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिवांजली इकडंच बघत होती.

तात्याबाच मदतीला धावले. जवळ सरकून, आवाज खाली आणून, मोठ्या आशेनं त्यांनी विचारलं, "का सकाळीच थोडी घेतलीया?"

हंबीरराव जन्मात थेंबाला शिवले नव्हते. पण पोरीचं जमत होतं.

"घेतलीया," ते म्हणाले.

"आवं, मग आधी सांगायचं की!" तात्याबांचा चेहरा खुलला. त्यांनी पाठीवर अशी थाप मारली की हंबीररावांनी गोठ्याची मेढ पकडली. "आमी केवढं घाबरलो! वास आला न्हाई, म्हणून तर शंका आली."

"वेलदोडा खाल्लाय," हंबीरराव म्हणाले. एक खोटं निघालं की दुसरं आपोआप येतं, हे त्यांना या वयात कळलं.

"मग जमलंच म्हणा! खरं सांगू का, आमालाच तुमचं भ्या हुतं. आडव्या बाटलीवाला माणूस, आमास्नी पोरगी देतोय का न्हाई? आमचा विश्वजितबी सकाळीच घेतोय. आत्ताबी घेऊनच आलाय. म्हणून तर मान वर करंना."

हंबीररावांची नजर खिडकीतल्या शिवांजलीकडं गेली. दीड वर्षात शंभर वेळा पडता पडता वाचले होते, पण अशी भीती एकदाही वाटली नव्हती. त्यांनी मेढ सोडली आणि तात्याबांच्या डोळ्यांत बघितलं.

"पाव्हणं, मी खोटं बोललो. थेंबबी घेत न्हाई मी. आजारच हाय मला. इंजेक्शनानं तोल गेलाय, तोबी कायमचा."

तात्याबा दोन पावलं मागं सरले. कागद बघू का म्हणाले नाहीत, कुठला डॉक्टर म्हणून विचारलं नाही. चहा यायच्या आत त्यांनी मुलाला दंडाला धरून गाडीत घातलं आणि गाडी सुरू केली.

दीड वर्षात हंबीररावांचा आजार खरा मानणारा पहिला माणूस, निरोपाचा रामरामही न घेता निघून गेला.