चार मिनिटांचं थांबणं

माणसाची स्मृती हीच त्याची खरी ओळख, असं थोर लोक सांगून गेले आहेत. अष्टपुत्रे सरांची स्मृती पक्षाघातानंतर मेंदूतल्या चिपवर होती, आणि कानातलं यंत्र दुसऱ्याच कंपनीचं, स्वस्तातलं. ते ऐकलेलं वाक्य कधीकधी भलत्याच आठवणीवर लिहायला जायचं. तसं झालं की चिप सरांना जागच्या जागी थांबवायची आणि चार मिनिटांनी, सगळं तपासून, पुन्हा सुरू करायची.

पुतणीच्या लग्नात सर अक्षतांची मूठ वर धरून तसेच उभे राहिले. मंगलाष्टकं संपून वधूवरांनी हार घातले तरी. व्याही हसले. दुसऱ्याच दिवशी सरांच्या पत्नीनं, वसुधाबाईंनी, सर्व्हिस सेंटरमधल्या गायधनीकडून सेटिंग बदलून घेतली. चूक पकडायची, पण नोंद न करता गप्प बसायचं, सरांना थांबवायचं नाही.

सहा महिने सर कुठेही थांबले नाहीत. आज वसुधाबाई त्यांना घेऊन पुन्हा गायधनीसमोर बसल्या होत्या.

"हे मला ताई म्हणतात हो! आपलं लग्न टीव्हीवरच्या मंजिरीशी झालंय म्हणतात. मला परत आणा यांच्या डोक्यात."

"काकू, त्या जागेवर मालिका लिहिली गेली. खालचं गेलं. सर थांबायचे ते तेच वाचवायला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, चारचौघांत शोभा नको."

सर अदबीनं पुढे झुकले. "ताई, रडू नका. तुमच्या घरचं कुणी येतंय ना न्यायला?"

गायधनीनं अहवाल छापून दिला. सहा महिन्यांत नोंदलेल्या चुका, शून्य.