शेवटचा रकाना

“शिकलेला माणूस नुसतं विचारल्यावर पासवर्ड देतो? बाई, हा प्रबंध आहे की विनोद?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मृण्मयीचं चार वर्षांचं काम टेबलावर आपटलं.

पीएचडी हातची जातेय असं दिसताच तिने सकाळी दारात सगळ्यांकडून भरून घेतलेलं हजेरीपत्रक पुढे सरकवलं. “सर, नाव, हुद्दा, सही झाली. शेवटचा रकाना वाचता?”

परीक्षकांनी चष्मा चढवला. रकान्यावर ‘पासवर्ड’ छापलं होतं आणि खाली त्यांच्याच वळणदार अक्षरात नातीचं नाव नि जन्मसाल होतं.

“घाईत होतो,” ते पुटपुटले. “डॉक्टरबाई, हा कागद आधी फाडा.”

“फाडते, सर. पण विभागप्रमुखांचं काय करू? त्यांनी तुमच्या ओळीखाली ‘वरीलप्रमाणे’ लिहिलंय.”