विहिणींचा ब्रंच

लेकीच्या रिसेप्शनचा ब्रंच ठरवायला कुमुदिनीबाई होणाऱ्या विहीणबाईंसोबत केटररकडे बसल्या होत्या. सासरची मंडळी पुढारलेली. आपण गावंढळ दिसलो तर लेकीला जन्मभर ऐकावं लागेल, या धास्तीने त्या प्रत्येक पदार्थाला मान डोलवत होत्या.

चवीसाठी अ‍ॅव्होकाडो टोस्ट आला. "किती हलकं आहे, नाही?" विहीणबाई म्हणाल्या. "अगदी!" म्हणत कुमुदिनीबाईंनी घास पाण्याबरोबर गिळला. मग किन्वाचं सॅलड आलं. विहीणबाईंनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि हळूच कागदी रुमाल ओठांना लावला. रुमाल चांगलाच फुगला.

ते पाहून कुमुदिनीबाईंना धीर आला. "खरं सांगू? मला हे काही जात नाही हो."

"अगंबाई! मग ब्रंचला हो का म्हणालात?"

"तुम्हाला आवडतो म्हणून."

"मला? आम्ही तुम्हाला मागासलेले वाटू नये म्हणून सुचवला मी!"

दोघी पोट धरधरून हसल्या. मग मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलबी चुटकीसरशी ठरली.

"म्हणजे दारात 'ब्रंच'ची पाटी नको ना आता?" केटररने विचारलं.

दोघी एकदम सावरून बसल्या. "नको कशी? चांगली मोठ्या अक्षरांत लावा!"